व्यसनाची विचारपूस आणि तिचा जमाखर्च

पुणे-नाशिक महामार्ग आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्याची ख्याती कांद्याच्या उपबाजारामुळे, उसाने आणि नारायणगावच्या टोमॅटोने भरलेल्या मालमोटारींमुळे जशी आहे, तशीच ती चौकाच्या आसपास थाटलेल्या लहानमोठ्या खासगी दवाखान्यांमुळेही आहे. या दवाखान्यांत, आणि जुन्नर-आंबेगावच्या सरकारी आरोग्य केंद्रांत व ग्रामीण रुग्णालयांत, येणारा मनुष्य हाड मोडले म्हणून येतो, पोटात जळजळते म्हणून येतो, रक्तदाब वाढला म्हणून येतो. आपल्याला दारूचे किंवा तंबाखूचे व्यसन जडले आहे, अशी तक्रार घेऊन जवळजवळ कोणीच येत नाही. ही न आलेली तक्रार आपण होऊन विचारावी, आलेल्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला दोन-चार ठराविक प्रश्न घालून व्यसनाच्या वाटेवर असलेल्यांना वेळीच ओळखावे, असा आग्रह वैद्यकशास्त्र गेली चाळीस वर्षे धरीत आले आहे. डॉक्टरमंडळींच्या बोलण्यात ज्याला 'स्क्रीनिंग' म्हणतात त्या या चाळणी-तपासणीच्या उपयुक्ततेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या खर्चाविषयी, आणि विशेषतः आपल्यासारख्या ग्रामीण तालुक्यांत तो खर्च नेमका कोणाच्या खाती पडतो याविषयी, त्या मानाने फार थोडे. प्रस्तुत आढाव्याचा विषय तोच आहे.

साधनांपासून आरंभ करणे सोयीचे, कारण साधने स्वस्त आहेत आणि त्यांच्याविषयीचा वाद लवकर मिटतो. जॉन ईविंग या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध केलेली 'केज' ही प्रश्नावली अवघ्या चार प्रश्नांची आहे: पिणे कमी करावे असे कधी वाटले काय, लोकांनी टोकल्याचा राग येतो काय, पिण्याबद्दल मनाला खंत वाटते काय, आणि सकाळी डोळे उघडताच घोट लागतो काय. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील रुग्णांवर पारखून सिद्ध केलेली 'ऑडिट' ही प्रश्नावली दहा प्रश्नांची; तिच्यात शून्यापासून चाळीसपर्यंत गुण असतात, आठ किंवा त्यांहून अधिक गुण ही धोक्याची खूण समजतात, आणि १९९३ सालच्या मूळ शोधनिबंधात धोकादायक पिणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोक या रेषेच्या वर, तर तसे न पिणाऱ्यांपैकी ९४ टक्के लोक तिच्या खाली आढळले होते. तिचेच पहिले तीन प्रश्न वेगळे काढून घाईगर्दीच्या ओपीडीसाठी एक लघुरूप करण्यात आले आहे. दारूखेरीज तंबाखू, गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या अशा साऱ्यांची चौकशी करणारी 'असिस्ट' ही आठ प्रश्नांची प्रश्नावलीही त्याच संघटनेची. यांपैकी कशालाही यंत्र लागत नाही की रसायन लागत नाही. याउलट, यकृताशी संबंधित गॅमा-जीटीसारख्या विकराची रक्ततपासणी करून पिणारा ओळखू पाहणे हे प्रश्नांच्या मानाने महागही आहे आणि कमी खात्रीचेही. लघवीची पट्टी तर अलीकडे काय घेतले एवढेच सांगते, किती वर्षे आणि कशापायी घेतले हे तिला ठाऊक नसते. तेव्हा प्रयोगशाळेच्या खर्चाचा बाऊ करून ज्यांना हा विषय टाळावयाचा असेल, त्यांना आधार राहत नाही.

खरा खर्च मिनिटांचा आहे. सदुसष्ट देशांतील माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील प्राथमिक वैद्यकीय भेट सरासरीने दोन मिनिटांच्या आसपास आटोपते असे दिसून आले. एका सकाळी शंभर रुग्ण पाहणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याने 'ऑडिट'च्या त्या पहिल्या तीन प्रश्नांसाठी प्रत्येकी आणखी दोनच मिनिटे द्यावयाची म्हटली, तरी तीन तास वीस मिनिटे केवळ विचारण्यात जातात, आणि तेवढ्यात ओपीडीची वेळ संपते. ही अडचण केवळ आपल्या दारिद्र्याची आहे असेही नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २००३ साली मांडलेल्या हिशेबानुसार शिफारस झालेल्या साऱ्या प्रतिबंधक सेवा प्रामाणिकपणे द्यावयाच्या, तर एका डॉक्टरचे दिवसाचे ७.४ तास त्यांतच खर्ची पडतील. म्हणून प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, हे सभासंमेलनांत टाळ्या मिळवणारे वाक्य हिशेबनिसाच्या दृष्टीने खोटे आहे. प्रश्न कोण विचारतो, त्याचा ताशी पगार किती, आणि तेवढ्या वेळात त्याच्या हातून कोणते दुसरे काम राहून जाते, यांवर प्रश्नाची किंमत ठरते. डॉक्टरने विचारलेला प्रश्न महाग आणि परिचारिकेने किंवा समुपदेशकाने विचारलेला तोच प्रश्न स्वस्त, असा हा विचित्र बाजार आहे.

या बाजारातील भावांची नोंद मुख्यतः अमेरिकेत झाली आहे. ब्रे, झार्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली वैद्यकीय ठिकाणी होणाऱ्या मद्य-तपासणीच्या खर्चावरील अभ्यासांचा धांडोळा घेतला, तेव्हा एका तपासणीचा खर्च एका टोकाला ५१ सेंट आणि दुसऱ्या टोकाला ६०० डॉलरांहून अधिक, असा अवाढव्य पसारा त्यांच्या हाती लागला. मध्यक मात्र बोलका होता: तपासणीला सुमारे ४ डॉलर, आणि तपासणीत सापडलेल्या माणसाशी केलेल्या थोडक्या समुपदेशनाला सुमारे ४८ डॉलर. वरवर पाहता विचारणे हे समजावण्याच्या एक-द्वादशांश किमतीचे ठरते. परंतु शंभरांतील दहाच जण धोक्याच्या रेषेवर सापडतात असे गृहीत धरले, तर एक माणूस सापडण्यासाठी दहा जणांना विचारावे लागते, आणि एकाच्या शोधाची किंमत चाळीस डॉलर होते, म्हणजे समजावण्याच्या जवळपास बरोबरीने जाते. जेथे पिणारे विरळ तेथे चाळणी महाग, जेथे दाट तेथे स्वस्त, हा नियम यातूनच निघतो, आणि महामार्गावरील अपघाती रुग्णांच्या खाटेशी विचारलेला प्रश्न सर्वसाधारण ओपीडीतील प्रश्नाहून किफायतशीर का पडतो, हेही त्यातून उलगडते. सिएटल येथील हार्बरव्ह्यू रुग्णालयात लॅरी जेंटिलेलो यांनी अपघाती जखमींवर केलेल्या प्रयोगात, १९९९ सालच्या अहवालानुसार, समुपदेशन मिळालेल्यांच्या नव्या इजांचे प्रमाण वर्षभरात ४७ टक्क्यांनी उतरले. आणि २००५ साली मांडलेल्या हिशेबात या कामी खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३.८१ डॉलरांची रुग्णालयीन बचत दिसली. पुढे तेथील शल्यचिकित्सकांच्या संघटनेने उच्च श्रेणीच्या अपघात-केंद्रांना ही तपासणी बंधनकारकच केली.

या यशाचा अतिरेकी अर्थ लावू नये, अशी ताकीद देणारे पुरावेही आहेत. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नुसते माहितीपत्रक हाती ठेवणे, पाच मिनिटे सल्ला देणे आणि वीस मिनिटे समुपदेशन करणे या तिहींच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे जास्त मिनिटे म्हणजे जास्त गुण, हे समीकरण निदान तेथे तरी टिकले नाही. दारूखेरीज अन्य अमली पदार्थांच्या बाबतीत तर २०१४ साली अमेरिकेतील दोन मोठे प्रयोग सपशेल निष्फळ ठरले, यद्यपि त्याच्या दोन वर्षे आधी 'असिस्ट'वर आधारलेल्या, भारतासह चार देशांतील प्रयोगात अमेरिका वगळता इतरत्र काही गुण दिसला होता. माझे मत असे की, आपल्याकडे या घडीला दारू आणि तंबाखू एवढ्या दोहोंपुरतीच सरसकट विचारपूस करावी आणि गांजा-अफूची चौकशी जेथे लक्षणे दिसतील तेथेच करावी. सर्व काही सर्वांना विचारू पाहणारी योजना पहिल्या तिमाहीतच कागदी होते.

आता घरच्या इतिहासाकडे वळू. आपल्या राज्यात व्यसनाची वैद्यकीय तपासणी ही काही नवी आयात नव्हे. ती सरकारदरबारी जवळजवळ सत्तर वर्षांपासून नांदत आहे, मात्र तिचा हेतू उपचाराचा नव्हता. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी अधिनियमात पुढे घातलेल्या कलम १२९-अ अन्वये, एखाद्याने मद्यप्राशन केले आहे असा सकारण संशय असल्यास पोलीस वा दारूबंदी अंमलदार त्याला नोंदणीकृत वैद्यकापुढे हजर करून त्याची तपासणी करवू शकतो आणि रक्त काढवू शकतो; १९५९ साली त्यासाठी स्वतंत्र नियम झाले; रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क आढळला, तर आपण निषिद्ध मद्य घेतले नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर जातो. मोटार वाहन अधिनियमातील कलम १८५ ची मर्यादा त्याहून कडक, शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी. गेल्या दोन-तीन पिढ्यांतील ग्रामीण डॉक्टरांना मध्यरात्री उठून 'तोंडास दारूचा वास, डोळे लाल, चाल अडखळती' अशा मजकुराचे दाखले लिहावे लागले, रक्ताच्या मोहोरबंद कुप्या रासायनिक विश्लेषकाकडे रवाना कराव्या लागल्या, आणि वर्षा-दोन वर्षांनी साक्षीचे समन्स आल्यावर दवाखाना बंद ठेवून न्यायालयाच्या व्हरांड्यात ताटकळावे लागले. या तपासणीला पोलिसांची वेळ, डॉक्टरची वेळ, प्रयोगशाळा आणि न्यायालय असा चौपदरी खर्च येतो, आणि तो सरकार बिनतक्रार सोसत आले आहे. तपासलेल्या माणसाला मात्र त्यातून दंड मिळतो, उपचाराची चिठ्ठी मिळत नाही. त्याच एका रक्ताच्या नमुन्याबरोबर त्याच माणसाला आणखी तीन प्रश्न विचारण्याची तरतूद कोणाला सुचली नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

या दंडात्मक परंपरेचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. कायद्याच्या अक्षराप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य घेणे हाच गुन्हा आहे. आजन्म परवान्याचे हजार रुपये, वार्षिकाचे शंभर आणि एका दिवसाच्या परवान्याचे पाच वा दोन असे दरपत्रक वर्षानुवर्षे गाजत राहिले, आणि दुकानापुढे उभ्या असलेल्यांपैकी कितीजणांच्या खिशात तो कागद असतो हे सर्वांस ठाऊक आहे. अशा स्थितीत डॉक्टरने केसपेपरवर लेखणी टेकवून 'दारू घेता काय?' असे विचारणे म्हणजे, काटेकोरपणे बोलायचे तर, गुन्ह्याची कबुली मागणे होय. त्या कबुलीवरून कोणावर खटला भरला जात नाही हे खरे. परंतु पोलीस-पंचनाम्यात, अपघाताच्या दाव्यात आणि विमा कंपनीच्या टेबलावर तो केसपेपर केव्हा उगवेल याची शाश्वती रुग्णाला नसते. मद्यासक्ती आणि तिचे परिणाम यांवरील उपचार वगळण्याची मुभा विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांत स्पष्ट दिलेली आहे, आणि दुसरीकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम दारूच्या व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत गणून अशा आजारांना विम्यात समान वागणूक द्यावी असे फर्मावतो. या दोहोंच्या कात्रीत सापडलेला रुग्ण खोटे बोलतो आणि त्याचा मुलगा शेजारी उभा राहून मान डोलावतो. अमेरिकेतही १९४७ च्या एका नमुना-कायद्याने नशेत झालेल्या इजेचा दावा नाकारण्याची सवलत विमा कंपन्यांना दिली, आणि परिणामी अपघात-विभागातील डॉक्टर रक्तातील मद्य मोजायलाच कचरू लागले. २००१ साली तेथील विमा-आयुक्तांच्या संघटनेने ती सवलत रद्द करण्याची शिफारस केली. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद घातले त्या रेड्याची समाधी आळे येथे, फाट्यापासून हाकेच्या अंतरावर, भक्तिभावाने पुजली जाते. त्याच पंचक्रोशीत धडधाकट बोलत्या माणसाच्या मुखातून 'मी रोज पितो' एवढे काढणे कोणत्याही सरकारी वैद्यकाला साधत नाही. खरे बोलण्याची किंमत रुग्णाच्या माथी मारली असता तपासणीचा खर्च कितीही कमी केला तरी व्यर्थ, कारण खोट्या उत्तरावर खर्चलेले मिनिट हे सर्वांत महागडे मिनिट असते.

आणि तरीही विचारपूस चालू आहे. वाडीवस्तीवर, घरोघरी, रीतसर चालू आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा एक अर्ज गावातील आशा स्वयंसेविकेने, म्हणजे आशाताईने, भरावयाचा असतो, आणि अशा अर्जामागे तिला दहा रुपये मोबदला ठरलेला आहे. या अर्जात वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम, घराण्यातील आजार यांच्या जोडीला तंबाखूची आणि दारूची चौकशी आहे. म्हणजे ज्या तपासणीचा मध्यक-खर्च अमेरिकेत चार डॉलर निघाला, ती आपल्याकडे दहा रुपयांत, आणि तीही इतर पाच-सहा प्रश्नांच्या सोबतीने, पार पडते. जगातील स्वस्तात स्वस्त चाळणी म्हणून तिचा गौरव करण्यापूर्वी मात्र तिची जाळी तपासून पाहावी. तंबाखूच्या प्रश्नाला कधीच नाही, पूर्वी किंवा अधूनमधून, आणि रोज अशा तीन पायऱ्या आहेत. दारूच्या प्रश्नाला एकच: रोज घेता काय? होय म्हणणाऱ्यास एक गुण. एकूण गुण चारांहून अधिक झाले तर त्या व्यक्तीची तपासणी अग्रक्रमाने करावयाची. आता आळेफाट्याच्या बाजारात ज्याचा कांदा लिलावात चांगला गेला, किंवा ज्याचा मातीमोलाने गेला, असा शेतकरी त्या एका रात्री बाटली रिकामी करीत असेल आणि इतर दिवशी शिवत नसेल, तर तो या प्रश्नाला 'नाही' असे अगदी प्रामाणिक उत्तर देतो. आणि जो खरोखरीच रोज पितो, पण तरुण आहे, सडपातळ आहे, शेतात राबतो आणि ज्याच्या घराण्यात मधुमेह नाही, तो आपला एक गुण पदरी घेऊन सुखरूप सुटतो. अर्ज बनवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही; त्यांचे लक्ष्य रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोग हे होते, व्यसन हे त्यांना त्या रोगांचे एक कारण म्हणून हवे होते. पण दहा रुपयांत काय विकत मिळते आणि काय मिळत नाही, याची समज मात्र असावी.

तंबाखूच्या बाबतीत हीच जाळी बरीच बारीक आहे, आणि तिचा उपयोग अधिक व्हावयास हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी १३.९ टक्क्यांनी दारूचे आणि ३३.८ टक्क्यांनी तंबाखूचे सेवन कबूल केले. स्त्रियांत दारू ०.४ टक्के, पण तंबाखू १०.९ टक्के. हा स्त्रियांचा आकडा मुख्यत्वे न फुंकल्या जाणाऱ्या तंबाखूचा, आणि आपल्या भागात म्हणजे मिश्रीचा. पहाटे चुलीपाशी दातांना लावली जाणारी ती काळी पूड व्यसनात मोडते हे लावणारीला मान्य नसते आणि विचारणाऱ्याच्या ध्यानात नसते. पुरुषांच्या कंबरेला चंची आणि बायकांच्या फडताळात मिश्रीची डबी, एवढ्या उघड्यावर असलेल्या गोष्टीला चाळणी कशाला हवी, असा आक्षेप कोणी घेईल. गोष्ट उघडी आहे, पण ती सोड असे डॉक्टरने म्हटलेले नाही, हे राष्ट्रीय पाहणीत दिसते: २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात वैद्यकाकडे जाऊन आलेल्या धूरविरहित तंबाखू खाणाऱ्यांपैकी ३१.७ टक्क्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. सल्ल्याचे अर्धे मिनिटही दुर्मीळ आहे.

न विचारण्यालाही खर्च असतो, आणि तो जमाखर्चात कोठेही लिहिला जात नसल्यामुळे शून्य भासतो. फाट्यावरील एखाद्या अस्थिरुग्णालयात मांडीचे हाड मोडून आलेल्या माणसाची कल्पना करावी. शस्त्रक्रिया यथासांग होते. दुसरा दिवस शांततेत जातो. आणि तिसऱ्या रात्री तो सलाईनची नळी उपटतो, भिंतीवर किडे चालताना पाहतो, बायकोला ओळखत नाही. नातेवाईक बाहेरच्या बाधेची शंका घेतात, कोणी डोक्याला मार लागल्याचे सुचवतो, मेंदूचे स्कॅनिंग होते, रुग्णवाहिका बोलावून रुग्णाला पुण्याच्या किंवा नाशिकच्या वाटेला लावतात. वास्तविक रोज अर्धी बाटली पिणाऱ्याची दारू खाटेवर एकाएकी बंद झाल्याने साधारण ४८ ते ७२ तासांनी उद्भवणारा हा उन्माद आहे. दाखल होताना विचारले असते तर पहिल्याच दिवशी 'बी-१' जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि शामक औषध सुरू करून तो बहुधा टळला असता, आणि ही औषधे दुर्मीळही नाहीत की महागही नाहीत. अतिदक्षता विभाग, स्कॅनिंग, रुग्णवाहिका या साऱ्यांची बिले त्या कुटुंबाच्या शेतीवर बसतात. रुग्णालयाच्या हिशेबात ही जमेची बाजू असते, हे लिहिताना लेखणी थोडी अडखळते, पण आढावा घ्यावयाचा म्हटल्यावर तेही लिहिणे प्राप्त आहे: ज्याचा खर्च वाचतो आणि ज्याने विचारण्याची मिनिटे खर्चावयाची, ती माणसे खासगी वैद्यकात वेगवेगळी आहेत.

समजा विचारले आणि खरे उत्तर मिळाले, पुढे काय? या प्रश्नाचे आपल्या भाषेच्या परिघातील सर्वोत्तम उत्तर गोव्याने दिले आहे. डॉ. विक्रम पटेल आदींनी १९९६ साली स्थापलेल्या 'संगत' या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, आणि अभिजित नाडकर्णी व सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये मांडले. 'ऑडिट'मध्ये १२ ते १९ गुण मिळालेल्या, म्हणजे हानिकारक पिणाऱ्या पण पूर्णपणे दारूच्या आहारी न गेलेल्या, ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर जास्तीत जास्त चार बैठकींचे समुपदेशन देण्यात आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. गावातल्याच सामान्य स्त्री-पुरुषांना शिकवून तयार केलेले होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, इतरांपैकी २६ टक्के. मागील चौदा दिवसांत थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण ४२ विरुद्ध १८ टक्के. जे पीत राहिले त्यांचे पिण्याचे प्रमाण मात्र घटले नाही, हेही संशोधकांनी लपवले नाही. प्रत्येक अधिक मुक्तीमागे २१७ डॉलर खर्च पडला, आणि तो तेथील परिस्थितीत परवडण्याजोगा ठरण्याची शक्यता ८५ टक्के वर्तवण्यात आली. खर्चाचे माप त्यांनी प्रश्नामागे न लावता सुटलेल्या माणसामागे लावले, ही या अभ्यासाची मला सर्वांत मोलाची वाटलेली बाजू.

हेच माप आपल्या तालुक्याला लावून पाहू. मैदानी भागातील एक प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार वस्तीसाठी असते. तीत पंधरा वर्षांवरील पुरुष ढोबळमानाने ११ हजार, आणि राज्याच्या सरासरीने त्यांतील १,५०० पिणारे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे १६ कोटी पिणाऱ्यांपैकी ५.७ कोटींचे पिणे मदतीची गरज भासावी इतके पुढे गेलेले होते, आणि त्यांतील २.९ कोटी पूर्णपणे अधीन झालेले. त्या प्रमाणाने या केंद्राच्या हद्दीत सुमारे ५०० जणांना मदत हवी, आणि त्यांतील निम्म्यांना मोठ्या उपचाराची. ११ हजार पुरुषांना दोन-दोन मिनिटे विचारायला सुमारे ३६७ तास लागतात. सौम्य अवस्थेतील अडीचशे जणांशी पाऊण तासाच्या चार-चार बैठकी करावयाच्या, तर ७५० तास, म्हणजे रोज सहा तास काम करणाऱ्या एका समुपदेशकाचे अर्धे वर्ष. दोन आरोग्य केंद्रांमागे एक समुपदेशक असला, की हे गणित सुटते. जुन्नर-आंबेगाव मिळून नेमणुका मोजक्याच होतील. सरकारी योजनांच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे.

उरलेल्या अडीचशेंचे गणित तितके सोपे नाही. त्याच पाहणीनुसार दारूच्या अधीन झालेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणतीही मदत मिळते, आणि १८० पैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळतात; म्हणजे आपल्या कल्पित केंद्राच्या हद्दीत कोणतीही मदत मिळणारे सहा-सातच जण. लेखक अनिल अवचट यांचा जन्म फाट्यापासून थोड्याच अंतरावरील ओतूरचा. त्यांनी आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली उभे केलेले 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र महाराष्ट्राला आदर्श ठरले, पण ते येरवड्याला आहे, फाट्यापासून सुमारे ९० किलोमीटरांवर. ज्या घरातील कर्ता पुरुष महिनाभर दाखल व्हावयाचा, त्या घराला बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबतीला राहणाऱ्याचा खाडा हा खर्च उपचाराच्या शुल्काहून जड वाटतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. पण अंतराला माफी मिळालेली नाही. नारायणगाव किंवा मंचरच्या सरकारी रुग्णालयात चार-सहा खाटा नशा उतरवण्याच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवल्या, आणि पुढचा पाठपुरावा दूरध्वनीवर व गावात झाला, तर येरवड्याची वाट ज्यांना खरोखर हवी त्यांच्यापुरतीच उरेल. '१४४४६' हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक केसपेपरवर शिक्क्याने छापण्याला तर शाईशिवाय काहीच लागत नाही.

मग अडते कोठे? खात्यांच्या रचनेत. मद्यावरील कराचा महसूल, वर्षाला वीस हजार कोटींच्या वर, राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत तिजोरीत जमा होतो. पिण्यातून उद्भवणाऱ्या रोगांचा खर्च सार्वजनिक आरोग्य विभागाच्या लेखाशीर्षावर पडतो. व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान आणि २०११ चे व्यसनमुक्ती धोरण सामाजिक न्याय विभागाकडे. आशाताईचे दहा रुपये राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडून. आणि कलम १२९-अ ची अंमलबजावणी गृहखात्याकडे. समुपदेशकाचा पगार यांपैकी कोणत्या लेखाशीर्षाखाली घालावा, या एका मुद्द्यावर फाइल पाच मेजांवरून फिरून मूळ मेजावर येऊ शकते. प्रत्येक खात्याच्या ताळेबंदात तपासणी हा निव्वळ खर्च दिसतो, कारण तिची बचत नेहमी दुसऱ्याच खात्यात जमा होते. मद्यकराचा एक निश्चित अंश या कामाकडे कायद्यानेच वळवावा, हा मार्ग मला सर्वांत सरळ दिसतो. तोवर ज्याला वरून मंजुरीची गरज नाही असेही बरेच करता येईल: अस्थिरुग्णालयांच्या दाखल-नोंदीत दारूचे प्रमाण आणि शेवटचा घोट केव्हा घेतला, एवढे दोन रकाने घालावेत आणि तो कागद पोलीस-दप्तरापासून वेगळा ठेवावा, आशाताईच्या अर्जातील दारूच्या प्रश्नाला 'ऑडिट'चे पहिले तीन प्रश्न जोडावेत, आणि पहिला समुपदेशक जेव्हा केव्हा नेमला जाईल, तेव्हा त्याला तालुक्याच्या कचेरीत न बसवता कांद्याच्या लिलावाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत फाट्यावर बसवावे, आणि वर्षअखेर त्याच्याकडून किती अर्ज भरले हे न विचारता कितीजण त्याच्याकडे दुसऱ्यांदा आले, एवढाच आकडा मागावा.